एका बाटलीने १९ जीव घेतले, आरोपी ठरले हाफकिन; पण पुरावे नीट पाहिले तर काय दिसतं?

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल नावाचं गाव. प्लेगची साथ तोंडावर आली होती, म्हणून गावात लसीकरण ठेवलं होतं. त्या दिवशी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली गेली आणि लोक आपापल्या घरी गेले.

साधारण आठवडाभरात त्यातल्या काही जणांचे जबडे आवळायला लागले. अंग ताठ, पाठीची कमान, घास गिळता येईना. धनुर्वात. एकूण १९ जणांना तो झाला आणि १९च्या १९ जण दगावले. या सगळ्यांनी एकाच बाटलीतून लस घेतली होती. बाकीच्या चार बाटल्यांमधून लस घेतलेल्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही.

ती बाटली आली होती मुंबईहून, परळच्या लॅबमधून. लॅबचे प्रमुख होते वाल्डेमार हाफकिन.

हो, तेच हाफकिन. परळला केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या परिसरात ज्यांच्या नावाची संस्था आहे ते. पोलिओचे डोस, साप चावल्यावरचं औषध यांच्या बातम्यांमध्ये आपण हे नाव कायम वाचतो. पण या माणसावर १९ मृत्यूंचा ठपका बसला होता, त्यात नोकरी गेली होती, आणि तो ठपका पुसायला पाच वर्षं लागली, हे फार जणांना माहीत नसतं. ठपका कसा बसला आणि कसा पुसला गेला, हे समजून घ्यायचं तर पुरावा म्हणजे नक्की काय, इथपर्यंत जावं लागतं. आणि हाफकिन यांचं सगळं आयुष्यच या एका प्रश्नाभोवती फिरलेलं आहे.

ओडेसाचा पोरगा

हाफकिन यांचा जन्म १८६०चा. ज्यू कुटुंब, रशियन साम्राज्यातला मुलूख, आज तो भाग युक्रेनमध्ये येतो. ओडेसाच्या विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा तिथे शिकवायला होते इल्या मेचनिकोव्ह, ज्यांना पुढे १९०८ साली नोबेल मिळालं. पोरगा हुशार होता, पण स्वस्थ बसणारा नव्हता. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले व्हायचे तेव्हा बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये तो होता. त्यात अटकही झाली.

शिक्षण झालं, पण प्राध्यापकाची जागा मिळेना. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती झालात तर वाट मोकळी, अशी परिस्थिती होती. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही. काही वर्षं ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काढली, १८८८मध्ये जिनिव्हा गाठलं आणि १८८९मध्ये पॅरिस. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकोव्ह आधीच पोहोचले होते. हाफकिन यांना तिथे जागा मिळाली ती ग्रंथपालाची. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचं.

त्या उरलेल्या वेळात त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली. १८ जुलै १८९२ला ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, उतरला, माणूस ठणठणीत राहिला.

आता इथे थांबू या. यातून काय सिद्ध झालं? लस टोचून माणूस मरत नाही, एवढंच. लस कॉलरा थांबवते की नाही, हे यातून कळत नाही. पॅरिसमध्ये बसून ते कळणारही नव्हतं. त्यासाठी जिथे दरवर्षी कॉलरा येतो तिथे जायला हवं. ब्रिटनचे पॅरिसमधले राजदूत होते लॉर्ड डफरिन, जे आधी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या शब्दामुळे रस्ता खुला झाला आणि १८९३मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले.

लस चालते हे ओळखायचं कसं?

पहिली दोन वर्षं ते देशभर फिरले. आग्र्यापासून सुरुवात करून उत्तरेतल्या छावण्या, शहरं पालथी घातली आणि ४० हजारांहून जास्त लोकांना लस टोचली. आकडा मोठा आहे. पण हाफकिन यांना लवकरच कळलं की मोठ्या आकड्याचा फारसा उपयोग नाही.

का? तर समजा एका शहरात लस घेतलेल्या हजार जणांपैकी फार कमी जणांना कॉलरा झाला. पण लस घ्यायला पुढे आलेले हे हजार जण कोण होते? कदाचित शिकलेले, कदाचित स्वच्छ विहिरीचं पाणी पिणारे, कदाचित मुळातच तब्येतीला जपणारे. मग त्यांना वाचवलं कशाने, लसीने की विहिरीने? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. दोन्हींच्या मागे तिसरंच कारण बसलेलं असू शकतं.

यावर त्यांनी काढलेला तोडगा साधा आहे, पण त्या काळात तसा विचार करणारे फार कमी होते. १८९४मध्ये कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये त्यांनी काम सुरू केलं. बस्ती म्हणजे एका तळ्याभोवती दाटीने उभ्या असलेल्या झोपड्या. पिण्याचं, धुण्याचं, आंघोळीचं पाणी त्याच तळ्यातलं. सगळे सारखे गरीब, सगळ्यांचं पाणी सारखंच घाण. कट्टल बागान नावाच्या बस्तीत मार्चअखेरीला कॉलऱ्याचे मृत्यू झाले. तिथल्या साधारण २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर बस्तीत कॉलराचे जे नवे रुग्ण निघाले ते सगळे उरलेल्या लोकांमधले, म्हणजे लस न घेतलेल्यांमधले होते.

संख्या किती लहान आहे बघा. ४० हजारांच्या समोर २०० म्हणजे काहीच नाही. पण या २०० मधून जे कळतं ते ४० हजारांमधून कळत नाही. कारण इथे पाणी तेच, घर तेच, हवा तीच. फरक फक्त सुईचा. तिसऱ्या कारणाला शिरायला जागाच फार कमी ठेवलेली.

कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी विल्यम सिम्पसन यांनी या कामात त्यांना मदत केली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. व्हिएगस मूळचे गोव्याचे. धोबीतलावजवळ त्यांचा पुतळा आहे, रोज हजारो लोक त्याच्या समोरून जातात.

पुढचं सगळं आपल्या शाळेच्या पुस्तकात तुकड्यातुकड्यांनी आलेलं आहे. मुंबई निम्मी रिकामी झाल्यासारखी झाली, लोक गावी पळाले. प्लेग पुण्यात पोहोचला. १० मार्च १८९७ला रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. घरात घुसून झडत्या घेणाऱ्या रँडला २२ जूनला चापेकर बंधूंनी गोळी घातली. सरकारकडे उपाय म्हणून होती ती सक्ती. औषध नव्हतं.

ऑक्टोबर १८९६मध्ये हाफकिन यांना मुंबईला बोलावलं गेलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. त्यांनी काय केलं, तर मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवले. हे जंतू वाढायला आधार मागतात. म्हणून रश्शावर तुपाचे थेंब सोडले. प्रत्येक थेंबाच्या खालून जंतूंच्या झुंबरासारख्या लडी लटकायला लागल्या. फ्लास्क हलवला की लडी तुटून तळाशी, वर पुन्हा नव्या. मग तापवून जंतू मारायचे, वर कार्बोलिक ॲसिड घालायचं, झाली लस. जगातली पहिली प्लेगची लस भायखळ्यात तुपावर बनली, ही गोष्ट अजून कुणी रील करून व्हायरल का केली नाही, कळत नाही.

१० जानेवारी १८९७ला त्यांनी ती पुन्हा स्वतःला टोचली. नंतर इतरांना जेवढी दिली जायची त्याच्या तिपटीहून जास्त मात्रा. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या जेलमध्ये प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं गेलं. लस घेतलेले बऱ्याच प्रमाणात वाचले. एकाच भिंतीआड, एकाच जेवणावर राहणारी माणसं असल्यामुळे तुलना चांगली झाली हे खरं. पण कैद्याचा होकार हा कितपत होकार असतो, हा प्रश्न आज विचारायलाच हवा. तेव्हा तो फारसा कुणी विचारला नाही.

यापेक्षा भक्कम तुलना झाली १८९८मध्ये, बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात. हाफकिन यांनी इथे घरनिहाय विभागणी केली. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस, निम्म्यांना नाही. गावात प्लेग ज्या २८ घरांमध्ये शिरला, तिथे लस घेतलेले ७१ जण होते. त्यातले ८ आजारी पडले, ३ दगावले. त्याच घरांतले लस न घेतलेले ६४ जण. त्यातले २७ आजारी पडले, २६ दगावले.

३ आणि २६. एकाच छपराखाली. इथे विहिरीचा, शिक्षणाचा, स्वच्छतेचा मुद्दा काढायला फार वाव उरत नाही.

आगा खान तिसरे यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, आपल्या समाजाला घ्यायला लावली आणि हाफकिन यांना लॅबसाठी स्वतःची जागाही दिली. १८९९मध्ये लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजही हाफकिन संस्था तिथेच आहे. ओडेसातून नोकरी न मिळता निघालेला माणूस आता गव्हर्नरच्या बंगल्यातून सगळ्या देशाला लस पाठवत होता.

मुल्कोवाल

१९०२मध्ये पंजाबने प्लेगविरोधात प्रचंड मोठी लसीकरण मोहीम ठरवली. एवढे डोस जुन्या पद्धतीने बनेनात. म्हणून परळच्या लॅबमध्ये पद्धत बदलली गेली. नव्या पद्धतीत कार्बोलिक ॲसिड घालणं थांबवलं होतं आणि जंतू मारायला उष्णतेवर भिस्त ठेवली होती. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही हे चालत होतं, पण भारतात मंजूर असलेली पद्धत ती नव्हती.

आणि मग ऑक्टोबरअखेरीस मुल्कोवाल घडलं.

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, सोबत दोन लष्करी डॉक्टर. आयोगाचा निष्कर्ष असा की बाटली उघडण्याआधीच तिच्यात धनुर्वाताचे जंतू होते. म्हणजे घाण लॅबमध्ये शिरली. कार्बोलिक ॲसिड वगळणं ही गंभीर चूक ठरवली गेली. हाफकिन यांना लॅबच्या प्रमुखपदावरून बाजूला केलं गेलं आणि ते युरोपला निघून गेले.

आता आयोगाची गोष्ट तटस्थपणे ऐका. लॅबने पद्धत बदलली. जंतुनाशक वगळलं. त्या लॅबमधून बाटली निघाली. त्या बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. दुसऱ्या कुठल्याही बाटलीतून कुणाला झाला नाही. सगळं एकमेकांत कसं फिट बसतं! ऐकणाऱ्याला वाटतं, आता आणखी काय पाहिजे?

पाहिजे. आणि हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

प्रश्न दोनच शक्यतांमधला होता. एक, जंतू परळमध्ये शिरले. दोन, जंतू मुल्कोवालमध्ये, बाटली उघडताना शिरले. आता १९ मृत्यू घ्या. पहिली शक्यता खरी असती तर एकाच बाटलीतले लोक मेले असते. दुसरी खरी असती तरीही एकाच बाटलीतले लोक मेले असते. १९ मृत्यूंवरून बाटली दूषित होती हे पक्कं कळतं. ती कुठे दूषित झाली याबद्दल ते मृत्यू एक अक्षर बोलत नाहीत. १९ ऐवजी ५० मेले असते तरी बोलले नसते. कारण ते सगळे एकाच कारणाचे परिणाम आहेत. एका दूषित बाटलीपासून निघालेल्या १९ वाटा. त्या वाटांनी मागे चालत गेलं तर बाटलीपर्यंत पोहोचता येतं. बाटलीच्या मागे काय झालं, ते त्या वाटांवर दिसत नाही.

रोजच्यातलं उदाहरण देते. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, अमुक बँक बुडणार. मग तोच मेसेज फॅमिली ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर. सात ठिकाणांहून आला. मनात येतं, सात जण सांगतायत म्हणजे काहीतरी असेल. पण सातही जणांनी एकाच माणसाचा मेसेज फॉरवर्ड केलेला असेल तर तुमच्याकडे सात पुरावे नाहीत, एकच आहे. आणि तो कसा आहे हे त्या पहिल्या माणसाला माहीत. सातही मेसेज एकमेकांशी तंतोतंत जुळतात, यात नवल काहीच नाही. कॉपी-पेस्ट जुळणारच.

कार्बोलिक ॲसिडचा मुद्दाही असाच आहे. जंतुनाशक नसल्यामुळे लॅबमध्ये जंतू शिरले तर जगू शकतात, हे बरोबर. पण जंतुनाशक नसेल तर मुल्कोवालमध्ये शिरलेले जंतूही जगू शकतात. म्हणजे या चुकीमुळे, ती चूक मानली तर, दोन्ही शक्यता वाढतात. दोघींत निवड करायला ती मदत करत नाही. आरोपीच्या अंगाला मात्र ती चिकटते.

मग निवड करायची कशावरून? अशा गोष्टींवरून, ज्या एका शक्यतेत दिसतील आणि दुसरीत दिसणार नाहीत.

चिमटा, नाक आणि कॅलेंडर

पहिली गोष्ट चिमट्याची. त्या दिवशी मुल्कोवालमध्ये बाटलीचं बूच काढायचा चिमटा सहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला. त्याने तो जंतुनाशक पाण्यात नुसता विसळून घेतला आणि त्यानेच ही बाटली उघडली. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत, शेणात. आणि त्यांच्या बीजाणूंचं कवच इतकं चिवट असतं की नुसत्या विसळण्याने ते मरत नाहीत.

दुसरी गोष्ट वासाची. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत वाढले की घाण वास सुटतो. ही बाटली लॅबमध्ये भरून सुमारे ४० दिवस झाले होते. एवढे दिवस गरम हवेत ते आत वाढत असते तर बूच निघताच नाकाला कळलं असतं. मुल्कोवालच्या डॉक्टरांनी वापरण्याआधी वास घेतला होता, आणि वास काही नव्हता. इथे एक बारीक गोष्ट आहे. वास नव्हता असं सांगण्यात त्या डॉक्टरांचा काही फायदा नव्हता. उलट घाण वास येत होता असं म्हटलं असतं तर दोष थेट परळवर गेला असता. माणूस स्वतःच्या सोयीविरुद्ध बोलतो तेव्हा त्याच्या शब्दाला वजन जास्त.

तिसरी गोष्ट दिवसांची. धनुर्वातात मारतं ते जंतूंनी तयार केलेलं विष. बाटलीत जंतू ४० दिवस वाढले असते तर विष तयारच असतं, सुईबरोबर थेट अंगात गेलं असतं आणि लक्षणं लवकर दिसली असती. पण सुईबरोबर ताजे बीजाणूच गेले असतील तर त्यांना आधी शरीरात रुजावं लागतं, वाढावं लागतं, मग विष. त्याला दिवस लागतात. मुल्कोवालमध्ये लक्षणं दिसायला साधारण आठवडा गेला.

आता या तीन गोष्टी शेजारी ठेवा. चिमटा पडला तो एकाच्या हातून. वास घेतला दुसऱ्याच्या नाकाने. आठवडा गेला तो रुग्णांच्या शरीरात. चिमटा पडल्यामुळे डॉक्टरांना वास आला नाही असं नाही. वास नसल्यामुळे लक्षणं उशिरा आली असं नाही. तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या आहेत, कुणी कुणाची कॉपी नाही. आणि तिघी एकाच ठिकाणी बोट दाखवतात, मुल्कोवालकडे. यातली एकेकटी गोष्ट कच्ची आहे. चिमटा पडला तरी त्याला माती लागलीच नसेल. सर्दी झालेल्या माणसाला वास कळत नाही. धनुर्वाताचे दिवस माणसागणिक बदलतात. पण तिन्ही एकाच वेळी, एकमेकांशी संबंध नसताना, एकाच दिशेने चुकाव्यात, हे अवघड आहे. सरळ आहे की जुळणारे पुरावे तेव्हाच जड होतात जेव्हा ते जुळण्याचं दुसरं कारण नसतं.

म्हणजे आयोगाकडे १९ मोठे, भयंकर पुरावे होते जे या प्रश्नावर गप्प होते. आणि तीन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी होत्या ज्या बोलत होत्या.

एक मात्र सांगायला हवं. चिमट्याला जंतू लागलेले कुणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले नाहीत. परळची शक्यता शून्यावर आली असं कुणी म्हणू शकत नाही. पण ज्या माणसाची नोकरी काढायची, त्याच्याविरुद्धचा पुरावा दुसऱ्या शक्यतेपेक्षा जड तरी असायला हवा ना? इथे तो हलका होता.

पाच वर्षं

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही हे प्रकरण तपासलं. आता पुढे आले ते कलकत्त्याचे सिम्पसन आणि त्यांच्या सोबत रोनाल्ड रॉस. रॉस म्हणजे मलेरिया डासांमधून पसरतो हे भारतात राहून शोधणारे आणि त्यासाठी १९०२चं नोबेल मिळवणारे. रॉस यांनी १९०७मध्ये जाहीरपणे लिहायला सुरुवात केली. जुलैमध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा जणांच्या सहीचं पत्र आलं, त्यात त्या काळातले नावाजलेले जंतुशास्त्रज्ञ होते. आरोप सिद्ध झालेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नोव्हेंबर १९०७मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.

हाफकिन रशियातून आलेले ज्यू होते, डॉक्टरीची डिग्री त्यांच्याकडे नव्हती आणि ब्रिटिश लष्करी डॉक्टरांच्या खात्यात ते कायम उपरे होते. फ्रान्समध्ये ज्यू अधिकारी ड्रेफस याला खोट्या आरोपात अडकवल्याचं प्रकरण तेव्हा ताजं होतं आणि मुल्कोवालला छोटं ड्रेफस प्रकरण म्हटलं गेलं. मला विचाराल तर आयोगातल्या प्रत्येकाच्या मनात द्वेष होता असं मानायची गरज नाही. उपऱ्या माणसाबद्दलची एक सुसंगत गोष्ट समोर आली की ती खरी आहे का हे तपासायचा कंटाळा येतो, एवढंही पुरेसं असतं.

मुल्कोवालनंतर पंजाबात लसीवरचा विश्वास ढासळला. पुढच्या काही वर्षांत तिथे प्लेगने लाखो माणसं मेली. हे वाक्य लिहिल्यावर लगेच लिहावंसं वाटतं की विश्वास ढासळला म्हणून ते मेले. पण हाफकिन यांचीच कसोटी लावली तर तसं म्हणता येत नाही. प्लेग उंदरांवर, पिसवांवर, दुष्काळावर, स्थलांतरावर चालतो. किती जण लस मिळाली असती तर वाचले असते, हे सांगायला उंढेऱ्यासारखी तुलना हवी, आणि ती पंजाबच्या त्या वर्षांची नाही.

आणि त्या १९ जणांचं काय? हाफकिन यांच्यावरचा अन्याय सांगताना ही माणसं नेहमी आकडा होऊन जातात. ते विश्वासाने हात पुढे करून आले होते. चूक परळची असो की चिमट्याची, त्यांच्या बाजूने ती लस देणाऱ्यांचीच होती. दोषमुक्ती झाली ती हाफकिन यांची. मुल्कोवालच्या घरांमध्ये त्याने काही बदललं नाही.

दोषमुक्त हाफकिन भारतात परतले, पण परळला नाही. त्यांना कलकत्त्याची जागा मिळाली, आणि तिथे माणसांवर लसीच्या चाचण्या करायची मुभा नव्हती. चाचण्यांवरच ज्याचं आयुष्य उभं होतं त्याला कागदावरचं संशोधन करायला बसवलं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. लग्न केलं नव्हतं. उतारवयात ज्यू धर्माचरणाकडे ओढ वाढली, आणि १९२९मध्ये त्यांनी आपली कमाई पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शिक्षणसंस्थांसाठी निधी म्हणून ठेवली.

इकडे परळची लॅब चालू राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. १९२५मध्ये सरकारने त्या लॅबला त्यांचं नाव दिलं. ज्या इमारतीत दूषित बाटली भरली गेली असा आयोगाने निष्कर्ष काढला होता, तीच ही इमारत. नाव दिलं तेव्हा हाफकिन हयात होते. २६ ऑक्टोबर १९३०ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ते वारले. १९६४मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. मुल्कोवाल आता पाकिस्तानात आहे.